यमू नावेतून उतरली का?

मी भोंगा बोलतोय. दचकलात ना? दचकणारच. लोक आधी मला पाहून कानांवर हात ठेवतात आणि मग विचारतात, काय म्हणाला हो तो?

'ध्वनिक्षेपक' हे माझं पत्रिकेतलं नाव समजा. देवासात मला सगळे भोंगाच म्हणतात. राखाडी रंग, पसरट तोंड, मागे डब्याएवढं मशीन, आणि एका कडेला पोचा. तो पोचा एका निवडणुकीतला आहे. कुठल्या पक्षाच्या माणसाने दगड मारला ते सांगणार नाही, कारण सकाळी मी त्याच्याच पक्षाचा प्रचार केला होता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तो इंदूरच्या एका दुकानात, आणि कुणीतरी माझ्या नरड्यातून 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' ओरडत होतं. तुमच्या कानात बारशाला आत्या नाव सांगते. आमच्या नशिबी हे!

तिथून मला तुकारामने आणलं. तुकाराम टेंटवाला. त्याचे वडील साताऱ्याकडून देवासच्या कंपनीत नोकरीला आले, पण हा जन्मला इथे, शिकला हिंदीत. त्यामुळे त्याचं वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं. त्याच्याकडे एक जुनी मेटाडोर होती. तिच्या टपावर त्याने मला दोरीने आवळून बांधलं आणि मी धंद्याला लागलो.

तुकारामचा एक घोळ होता. कॅसेट भरायची त्याला एकच चाल येत होती. भागवत कथा असो, साड्यांचा सेल असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, चाल तीच. एकदा त्याने एका तेराव्याचं आमंत्रण सर्कशीच्या थाटात दिलं. लोक पोराबाळांना नटवून घेऊन आले.

अशा या तुकारामकडे १९९८ साली, गणपती जवळ आले असताना, शरदचंद्र आले. तुकाराम त्यांना काका म्हणायचा, कारण ते त्याच्या वडिलांच्याच कंपनीत, स्टोअरमध्ये होते. नुकतेच रिटायर झालेले. अंगाने बारीक, बोलणं कमी, खिशाला पेन.

"तुकाराम, मी कादंबरी लिहिली आहे," ते म्हणाले.

"अरे व्वा काका! कशावर?"

"एका मुलीवर. यमू नावाची. धरमपुरीला सासर असतं तिचं."

अकरा वर्षं लिहीत होते म्हणे. पुण्याच्या प्रकाशकांनी फार गोड शब्दांत परत पाठवली. मग काकांनी स्वतःच इंदूरच्या एका छापखान्यात छापून घेतली. नाव 'धरमपुरीचा घाट'. आता महाराष्ट्र समाजाच्या हॉलमध्ये गणपतीत प्रकाशन होतं आणि गावात दवंडी पिटायची होती.

तुकारामने कॅसेट भरली. मी ती गावभर ओरडलो, आजही पाठ आहे. "आइए, आइए, आइए! पहली बार, जी हां, पहली बार, आपके अपने शहर में, श्री शरदचंद्रजी का विशाल मराठी उपन्यास!"

काका कासावीस झाले. "अरे, विशाल कशाला? दोनशे पानांची तर आहे."

"काका, विशाल तो लागतंच. विशाल भंडारा, विशाल दंगल. बिना विशाल के कोई येत नाही."

लोक आले. मी हॉलच्या दारावर टांगलेलो, सगळं माझ्याच तोंडून गेलं. प्रमुख पाहुणे धारचे बळवंतराव. त्यांचे आजोबा धारच्या दरबारात कारभारी होते. ही गोष्ट ज्याला माहीत नाही असा माणूस बळवंतरावांनी अजून शिल्लक ठेवलेला नाही. जुन्या घराण्यातले लोक आम्हा कंपनीवाल्यांच्या समारंभाला येतात तेच उपकार म्हणून. बळवंतराव तासभर आजोबांवर बोलले. कादंबरीवर एक अक्षर नाही. शेवटी प्रत काखेत मारून गाडीत बसले. मंडळी तोंड लपवून हसली.

बाकी विक्री झकास झाली. परमुलखातला मराठी माणूस मराठी पुस्तकाला नाही म्हणत नाही हो. तो ते घेतो, कपाळाला लावतो आणि कपाटात ठेवून कुलूप घालतो. भेटला की काकांना म्हणतो, "छान झालीय. कागद काय सुंदर वापरलाय!" काकांचे शेजारी गणपतराव तर म्हणाले, "मधला भाग तर असा रंगलाय, अहाहा!" काका त्या दिवशी दोनदा जेवले.

उरलेल्या प्रती संक्रांतीला गेल्या. काकांच्या मंडळी, सुमंगलाकाकू, यांनी हळदीकुंकवाला कादंबरीच वाण म्हणून लुटली. दर वर्षी कुणी साबणदाणी लुटतं, कुणी चाळणी. या वर्षी 'धरमपुरीचा घाट'. एक बाई तोंडावरच म्हणाल्या, "सुमंगलाताई, गाळणी दिली असतीत तर रोज चहाला तुमची आठवण झाली असती." हे काकूंनीच तुकारामला सांगितलं, सतरंज्या परत द्यायला आल्या तेव्हा, आणि स्वतःच खो खो हसल्या.

मग चैत्रात काकांच्या नातवाची, विहंगची मुंज झाली. मांडव तुकारामचा, मंगलाष्टकं माझ्या तोंडून. आहेरात चमकीच्या कागदात एक चपटं पुडकं आलं. उघडलं तर 'धरमपुरीचा घाट'! आत काकांचंच अक्षर, "प्रिय गणपतरावांस सस्नेह", आणि त्याच्याच खाली गणपतरावांचं, "चि. विहंगला अनेक आशीर्वाद." निदान काकांची सही तरी खोडायची! पण तिथवर पान उलटलं असतं तर ना.

दुसऱ्या दिवशी तुकारामने मांडव सोडून सामान आणलं. पाठोपाठ काका गोडाऊनमध्ये आले आणि घड्या घातलेल्या कनातींवर धपकन बसले. हातात तीच आहेराची प्रत.

"तुकाराम, घात झाला रे. गणपतरावांनी पानं तरी उलटली होती का, ते बघायला म्हणून मी ही चाळत बसलो. मधला एक फर्मा गायब आहे."

"फर्मा?"

"सोळा पानं एकत्र छापतात, त्याला फर्मा म्हणतात. पुस्तक बांधताना त्यांनी एक फर्मा दोनदा घातला आणि पुढचा घालायचाच विसरले. माझी घरातली प्रत बघितली, तीही तशीच. म्हणजे सगळ्याच तशा! यमू नावेत बसते तो भाग दोनदा आहे, आणि नदीत पुढे काय झालं ते नाहीच. अख्ख्या पुस्तकाचा जीव त्या पानांत आहे."

"काका, तुम्ही छापून आल्यावर वाचली नव्हती?"

"मला पाठ आहे रे ती. मी नुसतं मुखपृष्ठ बघत बसायचो."

  मग काका जे बोलले ते मी विसरणार नाही. "सकाळी आधी वाटलं, लोक काय म्हणत असतील! शरमेने तोंड लपवावंसं वाटलं. आणि मग लक्षात आलं की कुणी काहीच म्हणालेलं नाही. गणपतीपासून आत्तापर्यंत एकानेही येऊन विचारलं नाही, की अहो, इथे पानं कमी आहेत."  "तू वाचलीस का रे?"

"काका," तुकाराम मान खाली घालून म्हणाला, "मी... मी कॅसेट भरली ना."

छापखानेवाल्याने निमूटपणे तो फर्मा वेगळा छापून दिला. आता तो लोकांपर्यंत पोचवायचा कसा? दारोदार जाऊन देता आला असता, पण काका तयार होईनात. "मी दिला तर सगळे घेतील, कपाळाला लावतील. मला तसं नको. ज्याने वाचली असेल तो मागायला येईल. एक येऊ दे, तुकाराम. फक्त एक. मग मी लिहिली ती लिहिली असं समजेन."

म्हणून मला पुन्हा टपावर चढवलं. आत पुढे तुकाराम आणि काका, मागे फर्म्यांच्या गठ्ठ्यापाशी काकू. आम्ही देवास पिंजून काढलं. "जिन सज्जनों ने विशाल मराठी उपन्यास पढ़ा हो, वे छूटे हुए पन्ने मुफ़्त प्राप्त करें!"

एक बाई कोरी करकरीत प्रत घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, जुन्या पुस्तकावर स्टीलची वाटी मिळतेय. त्या नाराज होऊन परत गेल्या. मग गणपतराव गच्चीवर आले आणि तिथून मोठ्याने म्हणाले, "शरदचंद्र, माझ्या प्रतीत सगळी पानं आहेत बरं का! मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीय!" त्यांची प्रत काकांच्या मांडीवर होती. काकांनी ती पिशवीत सरकवली आणि गणपतरावांना नमस्कार केला. मला असा संताप आला! पण मी कॅसेटच्या हुकमाचा ताबेदार. मी पुन्हा "विशाल, विशाल" करत पुढे गेलो.

देवासात कुणी आलं नाही. काकांचा मुलगा योगेंद्र संध्याकाळी म्हणाला, "बाबा, सोडा ना आता. इथे मराठी वाचतं कोण? मलाच दुसऱ्या ओळीत दमायला होतं." मुलगा वाईट नव्हे, पण खरं बोलायची वेळ त्याला कधी साधत नाही. काका उठून आत गेले.

दोन दिवसांनी तुकारामला एका लग्नाचं सामान धारला पोचवायचं होतं. तो म्हणाला, "काका, चला. धारमध्येही दो-चार प्रती गेल्यात. काकू, तुम्हीपण." काका नको म्हणत होते. काकूंनीच त्यांना ओढून गाडीत बसवलं.

धारमध्ये शिरलो आणि टेपने कॅसेट खाल्ली. तुकारामने पेन्सिल घालून फिरवली, फुंकरा मारल्या, शिव्या दिल्या. काही उपयोग नाही. तेव्हा काकूंनी मागून हात पुढे केला. "आण तो माइक इकडे. एवढं काय त्यात?"

आणि त्या बोलायला लागल्या. "ऐका हो मंडळी. आमच्या ह्यांनी कादंबरी लिहिलीय, 'धरमपुरीचा घाट'. छापखान्याने मधली पानं खाल्ली. तुमच्यापैकी कुणी वाचली असेल तर पानं घेऊन जा. नसेल वाचली तर लाजू नका, आम्ही रागावत नाही."

इतकं सरळ बोलणं माझ्या तोंडून आजवर गेलं नव्हतं. मला स्वतःलाच बरं वाटलं.

तिसऱ्या गल्लीत एक माणूस आडवा आला. अर्ध्या गालाला दाढीचा साबण, खांद्यावर टॉवेल, काखेत पुस्तक. बळवंतराव!

"थांबवा! थांबवा ती गाडी!"

काका घाबरून खाली उतरले. "माफ करा, आवाज फार होतोय का?"

"आवाजाचं काय घेऊन बसलात? गणपतीपासून आम्ही नावेत बसलो आहोत, त्याचं काय?" म्हाताऱ्याने पुस्तक काकांच्या नाकासमोर नाचवलं. हाताळून हाताळून त्याचे कोपरे मऊ झाले होते. "ती यमू सासर सोडायला गाठोडं बांधते, नावेत बसते. पान उलटावं तो पुन्हा गाठोडं बांधते, पुन्हा नावेत बसते! आम्ही म्हटलं असेल बुवा नवी तऱ्हा, हल्लीच्या लेखकांचं काही सांगता येत नाही. तर पुढच्या पानावर बया सासरी पापड लाटते आहे! ती आली कशी? तिला आणली कुणी?"

काका त्या मऊ कोपऱ्यांकडे बघत राहिले. "आपण... आपण वाचलीत?"

"तीनदा!"

"मग विचारलं का नाही?"

"आम्ही विचारायचं? प्रमुख पाहुण्यांनी? लोक म्हणाले असते, थेरड्याला कळली नाही. द्या ती पानं."

फर्मा काकूंनीच गठ्ठ्यातून काढून दिला. बळवंतराव मेटाडोरच्या पायरीवर बसले आणि वाचायला लागले, जुन्या शाळेत वाचत तसे, मोठ्याने. माइक काकूंच्या मांडीवर चालूच होता. तुकारामला सुचलं नाही, आणि मी काही स्वतःहून बंद होत नाही. त्यामुळे धारच्या त्या गल्लीने अख्खा फर्मा ऐकला. नर्मदेच्या मध्यावर नाव, नावाडी विचारतो, बाई, पलीकडे कुणी आहे का तुमचं? यमू मागे वळून बघते. काठावर मागे राहिलेलं तिचं लेकरू तिला आठवतं, आणि ती म्हणते, फिरव.

बळवंतरावांनी पानं मिटली. गालावरचा साबण वाळला होता.

"फिरवलीत? नाव फिरवलीत तुम्ही?"

"मी नाही, तिने..."

"तिने कसली? लेखणी कुणाच्या हातात होती? इतक्या धीराने निघालेली पोर, आणि तिला पापड लाटायला परत पाठवता?"

"अहो, तिचं मूल मागे होतं!"

"मग मुलाला बरोबर न्यायचं!"

"नाव लहान होती!"

"नाव लहान कुणी केली? तुम्हीच!"

झालं! दोघे म्हातारे भर गल्लीत जुंपले. एकाने बाही सरसावली, दुसऱ्याने टॉवेल आपटला. गर्दी जमली. एका भाजीवाल्याने तुकारामला विचारलं, "कई हुई रियो है, भिया?"

"यमू का मामला है."

"तो पुलिस में रपट लिखवाओ नी!"

आणि काका? अहो, काकांचा चेहरा बघायला हवा होता! लाल झालेला, घामाघूम, डोळे चमकताहेत. त्यांच्या पुस्तकावरून कुणीतरी चिडलं होतं. देवासात सगळ्यांनी मिळून केलेल्या कौतुकाने त्यांना जे मिळालं नव्हतं ते इथे शिव्यांनी मिळालं. माझं पत्र्याचं तोंडही आनंदाने थरारलं.

इतक्यात काकू म्हणाल्या, "बळवंतराव बरोबर बोलतायत. मी असते तर नसते परत आले."

काका गर्रकन वळले. "म्हणजे तुला शेवट पटला नव्हता? मग वाचलीस तेव्हाच का नाही बोललीस?"

"मी कुठे वाचलीय?"

हे माझ्या तोंडून गेलं. अख्ख्या गल्लीने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी माझी तार उपटा रे.

"हस्तलिखितसुद्धा नाही?" काकांनी विचारलं.

"अक्षर बघितलंय का तुमचं?"

लोक हसले. काका हसले नाहीत. "अकरा वर्षं रोज पहाटे माझ्याजवळ चहा आणून ठेवायचीस. मला वाटायचं, तू वाचत असशील."

"चहा ठेवत होते. वाच म्हणून तुम्ही कधी म्हणालात?" काकूंचा आवाज आता खाली आला होता, पण मला कुठे खाली येता येतं? "छापून आली तेव्हा पहिली प्रत देवापुढे ठेवलीत. दुसरी बळवंतरावांना. मग गणपतराव, मग समाजाचे अध्यक्ष. मला काय दिलंत? गठ्ठा. लुटायला."

 तेव्हा कुठे तुकाराम भानावर आला आणि त्याने माझं बटण दाबलं.

पुढचं मी टपावरून नुसतं पाहिलं आणि जमेल तितकं ऐकलं. बळवंतराव घरात जाऊन खळीची वाटी घेऊन आले. काकांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली, जास्तीची पानं फाडली, फर्मा चिकटवला. मग पेन काढून पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं आणि ती प्रत दोन्ही हातांनी काकूंना दिली. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. काकूंनी ते वाचलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "हे अक्षर तरी नीट काढलंत."

परतीच्या वाटेवर काकू पुढे बसल्या, उजेडाला. काका मागे, फर्म्यांच्या गठ्ठ्यापाशी. इंदूर येईपर्यंत काकूंनी मान वर केली नाही. तुकाराम खड्डे चुकवत गाडी हळू चालवत होता, मागून हॉर्न वाजत होते, काका जीव मुठीत धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मध्येच त्या म्हणाल्या, "अहो, पापडाचं पीठ असं नाही भिजवत. कुणाला विचारून लिहिलंत?"

"कसं भिजवतात?" काका पुढे सरकले.

त्या सांगायला लागल्या. काका उरलेल्या एका फर्म्याच्या समासात लिहून घेत होते, अगदी शाळेतल्या पोरासारखे. देवास आलं तरी दोघे गाडीतून उतरेनात. तुकाराम मुकाट्याने चहा सांगायला गेला.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. तुकारामने मोठाले बॉक्स घेतले, वरातीत ते छाती फुटेस्तोवर दणदणतात. मला त्याने एका रद्दीवाल्याला विकलं. सध्या मी हातगाडीवर असतो, "रद्दी, पेपर, पुराना लोहा" म्हणत हिंडतो. देवासातल्या बऱ्याचशा 'धरमपुरीचा घाट' माझ्यादेखत तराजूत चढल्या, अजून कोऱ्या. गणपतरावांनी त्यांच्या घरी वाणात आलेली दुसरी प्रतही घातली. मोठा दिलदार माणूस.

मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या दोघांनी वाचली त्यांनी काकांना पुरतं हैराण केलं. बळवंतराव दर महिन्याला पत्र टाकून भांडत, आणि काका दुसरी कादंबरी लिहीत असताना काकूंनी त्यांना एकही नाव फिरवू दिली नाही.

तेव्हा लिहिणाऱ्या मंडळींनो, मी रस्त्यावरचा भोंगा, माझं बोलणं कुणी मनावर घेत नाही, पण ऐका. पुस्तक छापा, हॉल घ्या, पाहुणे बोलवा, विशाल म्हणा. आमच्या टेंटवाल्यांचीही पोटं आहेत. फक्त त्याआधी तुमच्या घरातल्या माणसाच्या हातात एक प्रत ठेवा आणि तोंडाने विचारा, "वाचशील का?" तेवढ्याला भोंगा लागत नाही.